झाडासकट घर

घर पाहायला गेलेला माणूस आधी काय पाहतो? छप्पर, भिंतीची ओल, नळाला पाणी किती वेळ येते, संडास घरात आहे की मागे. आमच्या सांगली-मिरज पट्ट्यात आणखी एक प्रश्न २००५ पासून विचारला जातो आणि २०१९ नंतर तर तो सगळ्यांच्या आधी येतो : पुराचे पाणी कुठवर आले होते? आम्हीही तोच विचारला. एजंट हसला. म्हणाला, "सर, हितं पाणी येत न्हाई. हितं फक्त पाला येतो."

पाला खरोखरच होता. सांगली-मिरज रस्त्याच्या आत, जुन्या वसाहतीत चार गुंठे जागा, मधोमध मंगलोरी कौलांचे बैठे घर, फाटकाशी कडुनिंब, कुंपणाला लागून दोन आंबे आणि मागच्या अंगाला एक चिंच. चिंच म्हणजे अशी की मागचे अंगण तिचेच. घर तिच्या सावलीत भाडेकरू असल्यासारखे बसले होते.

आम्ही म्हणजे घरातली पाच माणसे. धावपळ करणारे पाय मात्र एकाच मास्तराचे. सध्या आमचे बिऱ्हाड मिरजेत दुसऱ्या मजल्यावर आहे. अम्मीचे गुडघे गेले आहेत. गेल्या रमजानपासून ती जिना उतरलेली नाही म्हटले तरी चालेल. खिडकीतून भाजीवाल्याला हाक मारते आणि टोपली दोरीने सोडते, एवढाच तिचा बाहेरच्या जगाशी व्यवहार. तिला जमिनीवरची एक खोली हवी, लागून न्हाणी-संडास हवा. तिची मागणी एवढीच, पण ती मिळवता मिळवता तीन वर्षे गेली.

घर शोधताना आमच्यासारख्यांचे निम्मे काम फोनवरच संपते. नाव सांगितले की जागा कालच गेलेली असते. याविषयी या पानांच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. म्हणून या घराच्या मालकीणबाईंनी, आम्ही त्यांना पहिल्या दिवसापासून काकू म्हणू लागलो, नावाऐवजी "किती माणसं?" एवढेच विचारले, तेव्हा आम्हालाच जरा चुकल्यासारखे वाटले. पाच, म्हणालो. त्यावर त्यांचा दुसरा प्रश्न : "झाडं आवडतात का?" आता घर घ्यायला आलेला माणूस या प्रश्नाला नाही कशाला म्हणेल?

भाव ऐकून मात्र आम्ही चपापलो. त्या भागातल्या मोकळ्या जागेपेक्षाही तो कमी होता. स्वस्त वस्तूची मास्तरांना नेहमीच भीती वाटते. आम्ही कागदांच्या मागे लागलो.

मालमत्ता पत्रक काढले. दुय्यम निबंधकाकडे तीस वर्षांचा सर्च घेतला. बिनशेतीचा आदेश, मंजूर रेखांकन, विकास आराखड्यात रस्ता जातो का याचा दाखला, घरपट्टी, बँकेचा बोजा. काकूंचे यजमान वारल्यानंतर वारसांची नावे लागली होती. पुण्याच्या दोन्ही मुलांची संमती होती. हे सगळे करताना आम्हा उर्दूवाल्यांना एक गंमत वाटत राहते. हक्क, हद्द, कब्जा, दस्त, जमीन, मिरास, वारस, तारीख, रुजुवात : मराठी माणसाच्या जमिनीची अर्धी भाषा अरबी-फारसीतून आलेली. वर्गात आम्ही 'शजर' म्हणजे झाड असे शिकवतो. त्याच धातूतून 'शजरा' आला. शजरा म्हणजे वंशावळ, आणि उत्तरेकडे पटवारी गावाच्या शेतांचा जो नकाशा ठेवतो, त्यालाही शजराच म्हणतात. म्हणजे कुळाचा कागद आणि जमिनीचा कागद, दोन्हींना झाडाचेच नाव. आम्ही दोन्ही शजरे तपासले. शजर कुठेच नव्हते. चार-चार झाडे डोळ्यांसमोर उभी आणि तीस वर्षांच्या कागदांत पानभरही त्यांची सावली नाही.

आमचा एक चुलतभाऊ इंग्लंडात राहतो. त्याने तिकडे घर घेतले तेव्हा वकिलाने खरेदीपूर्वीच कौन्सिलकडून शोध मागवून सांगितले होते, मागच्या बागेतल्या ओक वृक्षावर संरक्षणाचा हुकूम आहे. तिकडे अशा एकेका झाडाचा हुकूम नकाशासह निघतो, फांदी छाटायची तरी अर्ज करावा लागतो आणि कौन्सिल आठ आठवड्यांत निर्णय देते. घर घेणाऱ्याला झाड आधी कागदावर भेटते, मग बागेत. आपल्याकडे उलटे. आपल्याकडे शहरातल्या सगळ्याच झाडांना संरक्षण आहे आणि म्हणूनच ते कुणाच्या ध्यानात नसते. १९७५ चा महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातला झाडांचा कायदा वाचला तर त्यात 'तोडणे' या शब्दाचा अर्थ जाळणे, कापणे, कोणत्याही रीतीने इजा करणे असा दिला आहे. जागा तुमची, झाड तुम्ही लावलेले, तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हवी. अर्ज केला की पाहणी होते, वर्तमानपत्रात जाहिरात येते आणि झाडाच्या बुंध्यावरच नोटीस चिकटवतात, म्हणजे ज्याला हरकत घ्यायची त्याने घ्यावी. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष ठरवले. ते तोडायचे तर त्याचे जेवढे वय तेवढी नवी झाडे लावावी लागतात.

काकूंची चिंच त्यांच्या सासऱ्यांनी साठच्या दशकात जागा घेतली तेव्हाच डोक्याएवढी होती म्हणे. आम्ही शिंप्याची टेप नेऊन छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजला, नऊ फूट चार इंच भरला. घेरावरून वय नेमके निघत नाही. सागवानात वर्षाची वलये स्पष्ट दिसतात, चिंचेत तशी दिसत नाहीत, आणि दिसली असती तरी ती मोजायला झाड कापावे लागले असते. शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारणे हाच खरा मार्ग. साठाच्या वर, यावर सगळ्यांचे एकमत झाले. म्हणजे ती वारसा वृक्ष. म्हणजे ती तोडायची तर साठाहून जास्त झाडे लावायची. चार गुंठ्यांत!

आता भाव कमी का, ते कळले. घर होते तेवढेच राहणार होते. अम्मीची खोली काढायला मोकळी जागा मागेच होती आणि तिथे चिंच होती. आमच्या आधी येऊन गेलेल्या तीन गिऱ्हाइकांनी याच कारणाने पाठ फिरवली होती.

एजंटाला आमची अडचण कळली तेव्हा त्याने आवाज खाली आणला. "झाडाचं काय घेऊन बसलाय सर! खरेदी होऊ द्या, मग ते आमच्याकडं लागलं." गिरमिटाने बुंध्याला चार भोके पाडायची, आत तेजाब सोडायचे, वरून मेणाने बुजवायचे. दोन पावसाळ्यांत झाड वाळते. मग वाळलेले झाड धोकादायक म्हणून अर्ज करायचा, परवानगी आपोआप. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर पापाचा लवलेश नव्हता. नळाचा वायसर बदलावा तसे तो सांगत होता. आणि खरे सांगायचे तर ऐकताना आम्हीही थांबवले नाही. पूर्ण ऐकून घेतले. घरी येईपर्यंत स्कूटरवर मनातल्या मनात खोलीची लांबी-रुंदीसुद्धा मांडून झाली होती.

त्या रात्री झोप लागली नाही. झाडाला जीव असतो, त्याची हाय लागते वगैरे आम्ही मानत नाही. विज्ञानाचा तास घेतो. त्रास दुसराच होता, आणि तो हिशेबाचा होता. ही जागा आम्हाला स्वस्त का मिळते आहे? झाड उभे राहणार म्हणून. ही घट कोणी सोसली? काकूंनी. चार भोकांची युक्ती एजंटाला माहीत आहे तशी त्यांनाही कुणीतरी सांगितली असेलच. त्यांनी ती केली असती तर मोकळ्या जागेचा भाव त्यांना मिळाला असता. त्यांनी केली नाही, म्हणून त्यांना कमी मिळणार. उद्या आम्ही झाडासकट जागेचा भाव देऊन मागाहून झाड मारले तर मधला फरक कुणाच्या पदरातून काढला? म्हणजे झाडाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हे निव्वळ मापात पाप होते. तराजूच्या पारड्याखाली चुंबक लावणाऱ्या वाण्याला आपण ज्या नावाने ओळखतो, त्याच नावाचे आम्ही झालो असतो.

सकाळी हे धाकट्या भावाला सांगितले. तो गॅरेज चालवतो, आमच्याइतका शिकलेला नाही आणि म्हणून असेल, फार सरळ बोलतो. म्हणाला, "भाईजान, मेट्रोच्या कारशेडसाठी आरेमध्ये रातोरात झाडं कापली, तेव्हा कुठं गेलं तुमचं माप? मोठ्यांनी कापली की विकास, आपण एक कापलं की गुन्हा. अम्मी जिन्यात अडकून पडली आहे. माणूस मोठा की झाड?"

आरेचे त्याने सांगितले ते खोटे नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थांबवीपर्यंत तिथे दोन हजारांहून जास्त झाडे पडली होती. कायद्याचा भार चार गुंठेवाल्यावर जितका पडतो तितका चारशे एकरवाल्यावर पडत नाही, ही त्याची तक्रार रास्त आहे आणि तिला आमच्याकडे उत्तर नाही. पण दुसऱ्याने जास्त खाल्ले म्हणून आपल्याला थोडे खाण्याचा हक्क मिळतो का, हा वेगळा प्रश्न आहे. माणूस मोठा की झाड, हा तिसरा. भाऊ तिन्ही एका दमात विचारतो, तिथेच घोटाळा होतो.

तिसऱ्या प्रश्नावर आम्हाला समुरा बिन जुंदब यांची रिवायत आठवली. एका अन्सारीच्या बागेत समुरांचे खजुराचे झाड होते. झाड त्यांचे, जमीन दुसऱ्याची. झाडापाशी जाण्याच्या हक्काने ते बागेत येत आणि त्या घरच्या माणसांना त्याचा त्रास होई. तक्रार हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांच्याकडे गेली. त्यांनी समुरांना सांगितले की झाड विका. ते नाही म्हणाले. बदल्यात दुसरीकडचे घ्या. नाही. मग भेट म्हणून द्या, त्याचे पुण्य मिळेल. तरीही नाही. तेव्हा पैगंबरांनी त्यांना नुकसान पोचवणारा म्हटले आणि अन्सारीला ते झाड उपटून टाकायला सांगितले.

ही रिवायत आम्ही अनेकदा ऐकली होती, पण घर घ्यायला निघालेल्या माणसाच्या कानांनी कधी ऐकली नव्हती. पहिल्यांदा वाटले, हा तर आपल्या भावाच्याच बाजूचा निवाडा. झाड गेले. माणसाला घरात शांतपणे राहता यावे म्हणून गेले. झाडाला स्वतःची अशी काही पवित्रता इथे दिली गेली नाही. झाडे लावण्याच्या पुण्याविषयी आपण जुम्याच्या बयानात पुष्कळ ऐकतो. ही गोष्ट त्या बयानात सहसा नसते. पण दुसऱ्यांदा विचार केला तेव्हा झाडाच्या आधीच्या तीन पायऱ्या दिसल्या. विकणे, बदलणे, भेट देणे. तिन्ही दारे बंद झाल्यावर कुऱ्हाड आली. आमचे काय? आम्ही एकही दार ठोठावले नव्हते. गिरमिटाची किंमत मात्र विचारून बसलो होतो.

तेव्हा आधी दार ठोठावू म्हणून आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला, जो आता बांधकामाची कामे घेतो, घर दाखवायला नेले. त्याने टेप लावली, भिंतीवर हात मारून पाहिले आणि म्हणाला, "सर, मागं कशाला जाता? पुढचा व्हरांडा बंद करू. दहा बाय अकराची खोली निघते, कोपऱ्यात संडास-बाथरूम बसतं. ड्रेनेजचा पाईप तेवढा लांब घ्यावा लागेल." मोडतोड कमी होणार होती, खर्च थोडा जास्त. जाणार होता तो व्हरांडा. त्या घरात आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट तीच होती. तिथे खुर्ची टाकून वह्या तपासायच्या, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवले होते. म्हणजे किंमत होतीच. फक्त ती झाडाने देण्याऐवजी आम्ही द्यायची होती, एवढाच फरक. कर्ज किती वाढेल हा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. तो इथे नको.

दुसऱ्या खेपेला काकूंकडे गेलो तेव्हा त्या चिंच सोलत बसल्या होत्या. अरबांनी हिला तम्र-ए-हिंदी म्हटले, हिंदुस्थानचा खजूर. आणि झाड मूळचे आफ्रिकेतले. हे आम्ही त्यांना सांगितले तर म्हणाल्या, "असू दे. आता इथलीच आहे." मग चिंचोके ताटाच्या कडेला सारत विचारले, "ठेवाल ना हिला?"

आम्ही म्हणालो, "कायदाच आहे काकू. तोडताच येत नाही."

"मी कायद्याचं विचारलं नाही, मास्तर."

आम्ही गप्प झालो. बी.एड.ला आम्हाला शिकवले होते की मुलाने चुकीचे उत्तर दिले तर आधी प्रश्न नीट कळला का ते पाहावे. आम्हाला प्रश्न नीट कळला होता. कायद्याच्या मागे लपणे सोपे होते, कारण कायद्याचे पालन करायला नियत लागत नाही, भीती पुरते. आणि काकूंना आमची नियत हवी होती. ती देता आली असती की नाही हे त्या क्षणी आम्हालाच माहीत नव्हते. "विचार करून सांगतो" म्हणून उठलो.

नियत ही फक्त मशिदीतली गोष्ट आहे असे वाटत असेल तर कायद्याची एक गंमत सांगतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात इमारती लाकूड म्हणून उभे असलेले झाड स्थावर मालमत्तेतून वगळले आहे. मग कुठले झाड जमिनीचा भाग आणि कुठले नुसते लाकूड? १९५८ साली शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. एका जमीनदाराने आपल्या पत्नीला बिनरजिस्टर दस्ताने जंगलातले लाकूड नेण्याचा हक्क दिला होता. बाई हरल्या. त्या निकालात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी जो भेद केला तो आम्हाला फार मोलाचा वाटतो. त्यांच्या म्हणण्याचा मतलब असा की लवकरच तोडायचे म्हणून जे उभे आहे ते लाकूड. जमिनीतून पोषण घेत वाढत राहायचे आहे ते झाड, आणि ते जमिनीचाच भाग. तेच खोड, तीच मुळे, तीच जागा. मालकाचा इरादा बदलला की कायद्याच्या डोळ्यांत वस्तूच बदलते. म्हणजे आम्ही स्कूटरवर बसून खोली मांडत होतो त्या अर्ध्या तासात काकूंची चिंच, निदान आमच्या हिशेबात, लाकूड झालेली होती.

मग आणखी एक शंका. समजा ठेवली. किती दिवस? आमच्याच जिल्ह्यात भोसे गावी चारशे वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा वड होता. रत्नागिरी-नागपूर महामार्गात तो जाणार होता. २०२० साली लोक त्याच्याभोवती उभे राहिले, दिल्ली-मुंबईपर्यंत बोलणी झाली, रस्त्याची आखणी बदलली आणि वड वाचला. दोन वर्षांनी, २०२२ च्या पावसात, तो आपोआप उन्मळून पडला. तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत एक जण म्हणाले, फुकट गेली सगळी मेहनत. आम्हीही तेव्हा मान हलवली होती. आज ती मान हलवल्याचे वाईट वाटते. नव्वदीतल्या म्हाताऱ्याला दवाखान्यात नेऊन वाचवले आणि दोन वर्षांनी तो आपल्या बिछान्यात गेला, तर मेहनत फुकट गेली असे कोणी म्हणत नाही. आपल्या हातून गेला नाही, याला काही अर्थ असतो.

आठ दिवसांनी जाऊन काकूंना सांगितले : चिंच राहील, मागे बांधणार नाही. कुंपणाकडचा एक आंबा मात्र पोखरलेला आहे, शेजाऱ्यांच्या पत्र्यावर झुकला आहे, त्याचा आम्ही रीतसर अर्ज करू. बुंध्यावर नोटीस लागेल, तुम्हाला वाचायला वाईट वाटेल, पण शेजाऱ्याचाही हक्क आहे. कडुनिंबाच्या तारेत गेलेल्या फांद्यांचेही तसेच, विचारून. सगळीच झाडे ठेवू असे आम्ही म्हणालो नाही. काकूंनी आंब्याकडे पाहिले. "तो गेली तीन वर्षं धरत नाही," म्हणाल्या. त्यांनी होकार दिला की काय ते आम्हाला नीट कळले नाही.

आमच्यानंतर त्या घरात कोण येईल, मुले विकतील का, त्यांची नियत काय असेल, याचा बंदोबस्त आम्हाला करता येत नाही. काकूंनाही आमचा करता येत नव्हता. भाऊ अजून रागात आहे. अम्मीला यातले काही सांगितले नव्हते, तरी तिला कळलेच. ती म्हणाली, व्हरांडा नको तर नको, खोलीला खिडकी मागच्या बाजूला ठेवा. व्हरांडा पुढे आणि चिंच मागे, हे तिला कोण सांगणार! अजून सांगितलेले नाही.

इसार पावती करायची तेव्हा एक मुद्दा राहिला होता. चिंचा तेव्हा झाडावर पिकायला आल्या होत्या आणि काकू दरवर्षी त्या एका बागवानाला उक्त्या देतात. खजुरीच्या व्यवहारात फळ धरल्यानंतर झाड विकले तर, वेगळे काही ठरले नसल्यास, त्या हंगामाचे फळ विकणाऱ्याचे असते, असा हदीसमधला दंडक आम्ही मदरशात लहानपणी पाठ केला होता. तो असा उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. आम्ही लिहिणाऱ्याला म्हणालो, एक ओळ घाला : मागील बाजूच्या चिंचेच्या झाडाचे चालू हंगामाचे उत्पन्न विकून देणार यांचे राहील. एजंट खो खो हसला. लिहिणाऱ्याने चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, "झाडाचा उल्लेख आधी कुठे आला आहे का?"

नव्हता. मग त्याने आणखी एक ओळ वर घातली, चतुःसीमेच्या खाली : सदर मिळकतीत चिंच एक, आंबा दोन, कडुनिंब एक.